लांब धांव आणि सायंकाळचा खो-खो

घरांतील एखादा तरुण जानेवारींतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी करूं लागला, कीं त्यानें सायंकाळचा खो-खो अजीबात सोडावा असा आग्रह वडील मंडळी धरतात. त्यांच्या लेखीं पहाटेचें धांवणें ही तपश्चर्या आणि खेळ ही उनाडकी! परंतु उन्हाळ्यांत खेळ सोडलेला गडी जानेवारीनंतर परततो, तेव्हां मैदानांतील नवांमध्यें त्याची जागा दुसऱ्यानें घेतलेली असते. सवंगडीहि दुरावलेले असतात. एकट्यानें धांवून ही उणीव भरून निघत नाहीं.

वडिलांची भीति अगदींच निराधार आहे, असें मात्र नव्हे. ४२.१९५ किलोमीटरांची धांव एकाच लयींत चालते. खो-खोंत क्षणांत वेग घ्यावा लागतो, क्षणांत थबकावें लागतें, हुलकावणी द्यावी लागते, खांबाजवळ सूर मारावा लागतो. लांब धांवेनें शिणलेल्या मांडीच्या स्नायूंवर व घोट्यांवर हा ताण पडला, कीं दुखापतीचा संभव वाढतो.

म्हणून सामन्याचा दिवस हाच आठवड्यांतील वेगाच्या सरावाचा दिवस मानावा. निराळा सराव त्यांत भरूं नये. रविवारीं लांब धांव असेल, तर शनिवारीं पाठलाग नको. शर्यतीपूर्वींचे तीन आठवडे मात्र खेळावयास न उतरणेंच इष्ट. तरी त्या दिवसांत घरीं बसण्याचें कारण नाहीं. पंचाची शिट्टी हातीं घ्यावी, गुण लिहावे. शर्यतीनंतर साधारण दोन आठवड्यांनीं, जिना उतरतांना पाय कुरकुरेनासे झाले, म्हणजे पुन्हां ‘खो’ घेण्यास हरकत नसावी.