पूर्वपरीक्षेचा आंकडा

आमच्या वाचकांपैकीं अनेकांचीं नातवंडें हल्लीं अमेरिकेंत शिकत आहेत. ऑक्टोबर महिना आला कीं तिकडून पी.एस.ए.टी. नांवाच्या परीक्षेची वार्ता येते, आणि कांहीं आठवड्यांनीं एक आंकडा येतो. तो वाचावा कसा, याविषयीं आज दोन शब्द लिहीत आहों.

महाविद्यालयीन प्रवेशाकरितां जी एस.ए.टी. परीक्षा देतात, तिची ही रंगीत तालीम होय. दोन्ही परीक्षा कॉलेज बोर्ड ही संस्था घेते. हिच्यांत वाचन-लेखनाचे ५४ व गणिताचे ४४ प्रश्न असून वेळ २ तास १४ मिनिटें असतो. २०२३ सालापासून ती संगणकावर होते. प्रत्येक विषयाचे दोन भाग असतात. पहिला जसा सोडवावा, तसा दुसरा सोपा वा कठीण येतो. चुकल्यास गुण कापीत नाहींत. म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवूं नये.

गुण ३२० ते १५२० या मर्यादेंत मिळतात. तळच शून्य नसल्यामुळें येथें आपला टक्क्यांचा हिशेब लागू पडत नाहीं. गुणांशेजारीं ८० असें लिहिलेलें दिसलें, तर शंभरांपैकीं ८० विद्यार्थ्यांचे गुण तितकेच किंवा त्याहून कमी आहेत, एवढाच त्याचा अर्थ. उत्तीर्ण-अनुत्तीर्ण हा भेद येथें नाहीं, आणि हे गुण महाविद्यालयांकडे पाठविलेही जात नाहींत.

मात्र अकराव्या इयत्तेंत याच परीक्षेवरून नॅशनल मेरिट शिष्यवृत्तीची पहिली निवड होते. त्या वेळीं वाचन-लेखनाचे गुण दुप्पट धरून त्यांत गणिताचे मिळवितात व बेरजेस १० नें भागतात. पात्रतेची रेषा प्रत्येक राज्याची निराळी. आपल्या घरांतून मुलांच्या गणिताची चौकशी नित्य होते, वाचनाची क्वचित्. तिकडे तर वाचनाचें पारडें दुप्पट जड आहे!

तालमींत नट अडखळला म्हणून कोणी नाटक बंद करीत नाहीं. कोठें अडखळला तें पाहून तेवढा प्रवेश पुन्हा घोटून घेतात. गुणपत्रिकेंत मुलाची बाजू कोठें लंगडी आहे, हें दाखविलेलें असतें. तेव्हां आजीआजोबांस आमची विनंति अशी कीं, दूरध्वनीवर "किती मिळाले?" असें विचारून शेजारच्या नातवाशीं तुलना करूं नये. "कोठें अडलास, बाळ? आणि सध्यां काय वाचतो आहेस?" असें विचारावें. पहिल्या प्रश्नानें मूल गप्प होतें. दुसऱ्यानें तें बोलूं लागतें.