दिसले की दाखवले?

मराठी प्रवासवर्णनात अरण्य आले की एक क्रियापद हमखास येते : 'दिसले'. धुके विरळ झाले आणि पाणमांजर दिसले. फांदी हलली आणि माकड दिसले. मराठी व्याकरणाने ही मोठी सोय करून ठेवली आहे. 'आम्हांला दिसले' असे म्हटले की पाहणारा चतुर्थीत जाऊन नम्र होतो, प्राणी कर्तृपदी बसतो, आणि ज्याने तो दाखवला तो माणूस वाक्यातून पुरता नाहीसा होतो. आमचा आक्षेप ह्या नाहीशा होण्याला आहे. हा आक्षेप शिष्टाचाराचा नाही, वाङ्मयीन आहे; आणि त्यातले पहिले आरोपी आम्हीच आहोत.

पेरूच्या आग्नेय भागात, अ‍ॅमेझॉनच्या वर्षावनात, ताम्बोपाता नदीकाठी 'पोसादा आमासोनास' नावाचे अतिथिगृह आहे. तिथे आम्ही तीन रात्री राहिलो. खोलीला तीनच भिंती. चौथ्या बाजूला थेट रान. पहाटे अंधारात उठवतात, नदीतून होडीने नेतात, मग चिखलातून चालवतात, आणि त्रेस चिंबादास नावाचे तळे येते. हे तळे म्हणजे नदीने टाकून दिलेले जुने वळण. शाळेच्या भूगोलात ज्याला आपण नालाकृती सरोवर म्हणून पाठ केले तेच. दोन होड्या शेजारी-शेजारी जोडून त्यांवर फळ्यांचे व्यासपीठ केलेले असते. त्यावर पाहुणे बसतात आणि वल्ही मारणारा मारतो.

त्या सकाळी आम्ही महाकाय पाणमांजरांचे कुटुंब पाहिले. हा प्राणी नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत पावणेदोन मीटरपर्यंत भरतो. पाण्यातून मान वर काढून फुत्कारतो, आणि मासा दोन हातांत धरून कडाकडा खातो. काठाच्या झुडपांत होआत्झिन पक्षी होते. गाईगुरांप्रमाणे पाला पोटात आंबवून पचवणारा हा पक्षी. त्याच्या पिल्लाच्या पंखांना चक्क नखे असतात. हे सगळे आमच्या वहीत आहे. पक्ष्यांची साठावर नावे आहेत, काहींची लॅटिन नावेही आहेत. मात्र ती नावे ज्याने एकेक करून आम्हांला सांगितली, फांदीवर दुर्बीण रोखून 'आता बघा' म्हटले, प्रत्येक पाणमांजराच्या गळ्यावरचा पांढरट डाग निराळा असतो आणि त्यावरून ते ओळखायचे असते हे ज्याने शिकवले, त्या वाटाड्याचे नाव वहीत नाही. तीन दिवस आम्ही त्याच्या डोळ्यांनी पाहत होतो, आणि घरी येऊन लिहिले : 'तळ्याने आम्हांला दर्शन दिले.'

आणखी एक वाक्य आमच्या वहीत आहे : 'होडी मध्यावर थांबली.' होडी थांबत नसते. ती थांबवलेली असते. आमच्यातल्या एका गृहस्थांनी छायाचित्रासाठी अजून जवळ नेण्याचा आग्रह धरला होता आणि वाटाड्याने शांतपणे नाही म्हटले होते. ह्या भागातल्या तळ्यांवर पाणमांजरांचा अभ्यास करणाऱ्यांनी सांगून ठेवले आहे, की तळ्याचा काही भाग पर्यटकांच्या होड्यांना बंद असावा आणि प्राण्यांपासून अंतर राखावे. सतत पाठलाग झाला तर पिल्ले वाढवणे अवघड होते. त्या सकाळचा खरा नाट्यपूर्ण क्षण हा नकार होता. तो आम्ही 'थांबली' ह्या एका अकर्मक क्रियापदात पुरून टाकला.

आता 'अस्पर्श' ह्या दुसऱ्या लाडक्या शब्दाकडे वळू. ह्या प्रांताचे नाव माद्रे दे दिओस, म्हणजे देवाची माता. अतिथिगृह ज्या गावच्या जमिनीवर आहे त्याचे नाव इन्फिएर्नो, म्हणजे नरक. पर्यटनाची माहितीपत्रके त्याच भूमीला स्वर्ग म्हणतात. देवमाता, नरक आणि स्वर्ग ही तिन्ही नावे बाहेरच्यांनी आणलेली. ताम्बोपाता नदीला एसे एहा लोकांच्या भाषेत स्वतःचे नाव आहे, बाहुआहा. १९९६ साली स्थापन झालेल्या बाहुआहा-सोनेने राष्ट्रीय उद्यानात ते उरले आहे. जिथे एका नदीला नावांचे इतके थर आहेत, ती भूमी अस्पर्श कशी?

प्राण्यांनाही माणसाचा स्पर्श झालेला आहे, आणि तो हळुवार नव्हता. १९४६ ते १९७३ ह्या काळात पेरूच्या अ‍ॅमेझॉनमधून महाकाय पाणमांजरांची सुमारे २४ हजार कातडी निर्यात झाली. परदेशी बायकांच्या कोटांसाठी एक जात जवळजवळ संपली. आज तळ्यात एक कुटुंब पोहताना आढळते ते शिकारबंदीमुळे, राखीव क्षेत्रामुळे, आणि गावाने केलेल्या निवडीमुळे. १९९६ साली इन्फिएर्नोने एका पर्यटन कंपनीशी वीस वर्षांचा करार केला : नफ्यातले ६० टक्के गावाचे, ४० टक्के कंपनीचे, आणि कारभारात गावाचा वाटा. १९९८पासून तिथे पाहुणे येऊ लागले. ह्या गावात एसे एहा कुटुंबे आहेत, नदीकाठचे मिश्र वंशाचे शेतकरी आहेत, अँडीजमधून उतरून आलेलेही आहेत. त्यांची आपापसांत भांडणे होत नसतील असे मानणे हा भाबडेपणा होईल. पण पाणमांजराचे आयुष्य आज अशा माणसांच्या सभांवर, हिशेबांवर आणि भांडणांवर अवलंबून आहे, ही गोष्ट कुठल्याही धुक्याहून अधिक चित्तवेधक नाही काय?

त्या धुक्यापलीकडे त्याच प्रांतात सोने खणतात. गाळातले सोने धरण्यासाठी पारा वापरतात. तो नदीत उतरतो, माशांत साठतो, मासे खाणाऱ्या पाणमांजरात आणि माणसात पोचतो. २०१६ साली पाऱ्याच्या प्रदूषणामुळे माद्रे दे दिओसमध्ये आणीबाणी जाहीर करावी लागली. २०१९च्या फेब्रुवारीत ताम्बोपाता राखीव क्षेत्राच्या सीमेलगतच्या ला पाम्पा भागातील बेकायदा खाणींवर सरकारने फौज पाठवली. आणि २०२०च्या साथीत पर्यटन थांबले, तेव्हा नफ्यातल्या वाट्याला अर्थ उरला नाही. शून्याचे कितीही टक्के शून्यच. 'शाश्वत पर्यटन' हा मंत्र जपणाऱ्यांनी हे गणितही मांडावे. सहलीला पोचण्यासाठी आम्ही अर्धी पृथ्वी विमानाने ओलांडली, तो हिशेब आमच्या नावावर मांडावा.

ह्यावर एक उत्तर आम्हांला ठाऊक आहे, कारण वर्गात आम्हीही ते कधीकाळी दिले आहे : ललित लेखन म्हणजे अहवाल नव्हे, सौंदर्यानुभवाला करारनामे आणि टक्केवारी जोडली की त्याचा चोथा होतो. आमचे म्हणणे उलट आहे. चोथा झाला आहे तो धुक्याचा, कारण ते सगळ्यांचे सारखेच असते. माथेरानचे धुके उचलून ताम्बोपातावर टाकले तरी परिच्छेद हलत नाही. तपशील नेमका झाला की अनुभव त्या जागेचा होतो. ब्राझील नटचे झाड घ्या. त्याचे परागीभवन रानातल्या मोठ्या मधमाश्या करतात, त्याचे लाकडासारखे कठीण फळ अगूटी नावाचा कुरतडणारा प्राणी फोडतो आणि बिया पुरून विसरतो. रान तोडून नुसत्या ह्या झाडांची बाग केली तर ती नीट फळत नाही. म्हणून ह्या प्रांतातली कुटुंबे पावसाळ्यात उभ्या रानात हिंडून ती फळे वेचतात आणि कोयत्याने फोडतात. माणसाचे पोट आणि रानाचे उभे असणे इथे एकाच फळात आहे. ह्यापेक्षा मोठी प्रतिमा कोणत्या कवीला हवी आहे?

दुसरी पळवाट अधिक गोड आहे. वाटाड्याला आठवणीने स्थान द्यायचे, पण 'निसर्गपुत्र' म्हणून. त्याच्या 'उपजत' ज्ञानाचे गोडवे गायचे. हाही अपमानच. आमच्या वाटाड्याने रान वडीलधाऱ्यांकडून शिकले होते, आणि पक्ष्यांची लॅटिन नावे व पाहुण्यांची इंग्रजी रात्री दिव्याखाली बसून. 'उपजत' म्हटले की ती मेहनत पुसली जाते. प्राध्यापकाचे ज्ञान कमावलेले आणि आदिवासीचे जन्मजात, ही वाटणी कोणी केली?

मराठीला हे जमत नाही असेही नाही. २०२५ साली निवर्तलेल्या मारुती चितमपल्लींनी रानातल्या माणसांच्या तोंडचे शब्द वेचून आपल्या भाषेत आणले आणि कोणाकडून शिकलो हे लपवले नाही. त्यांचे अनुकरण करणाऱ्यांनी मात्र त्यांचे शब्द उचलले आणि कृतज्ञता तिथेच सोडली. आपल्या पाठ्यपुस्तकांतही हेच झाले : निसर्गलेखन म्हणजे विशेषणांचा पाऊस, असा समज आपणच पिढ्यान्‌पिढ्या तपासणीच्या लाल शाईने पक्का केला.

तेव्हा शिक्षक मित्रांना आमचे सांगणे साधे आहे. अरण्यावरचा कोणताही उतारा वर्गात घ्यावा आणि त्यातल्या प्रत्येक 'दिसले'खाली रेघ मारायला सांगावे. मग विचारावे : कोणी दाखवले? त्याला त्याचे काय मिळाले? आणि तो पुढे जायला नाही म्हणाला, तेव्हा लेखकाने ते लिहिले का? अतिथिगृहाच्या खोलीला चौथी भिंत नव्हती. ती आम्ही आमच्या वाक्यांतून बरोबर नेली होती. निदान पुढच्यांनी ती नेऊ नये. आणि वहीच्या पहिल्या पानावर, पक्ष्यांच्या यादीच्या आधी, वाटाड्याचे नाव विचारून लिहावे.