काजळीचे अक्षर

गेल्या पावसाळ्यात आमच्या मोटारसायकलने अंथरूण धरले. वय वर्षे चौदा, जात चार स्ट्रोकची, कार्ब्युरेटरवाली. म्हणजे वाहनांच्या हिशेबाने माझ्याच पिढीतली. सकाळी सुरू होईना, चढावर धापा टाकी, पेट्रोल मात्र पूर्वीच्या दीडपट पिई, आणि मागून काळा धूर. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने नुसता आवाज ऐकून निकाल दिला, "सर, रिंगा गेल्या. इंजिनकाम काढावं लागेल." आकडा नऊ हजारांचा. घरात जवळपास तेवढीच रक्कम आईच्या मोतीबिंदूसाठी बाजूला काढलेली. "गाडी विका नि बसने जा," असे सौभाग्यवतींनी सुचवले. आई म्हणाली, "माझ्या डोळ्याची काही घाई नाही रे." हे दुसरे वाक्य मला फार लागले.

शेवटी गाडी ढकलत मी पेठेतल्या एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी आवाज ऐकलाच नाही. प्लग उतरवला, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि एखादी पत्रिका पाहावी तसा तो उजेडात धरला. टोक काळेकुट्ट. बोट फिरवले, तर बोटाला कोरडी, मखमली काजळी.

"सर, इंजिनात तेल चढत असतं तर हे ओलं नि चिकट असतं, चमकलं असतं. धूरही निळसर आला असता. हे न जळलेल्या पेट्रोलचं काजळ आहे. रिंगा कशाला खोलता?"

मी गेली वीस वर्षे उत्तरपत्रिका तपासतो. पण अक्षरावरून रोग ओळखणारा परीक्षक मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मग स्टुलावर बसून धडाच घेतला. प्लगचे टोक असते प्रत्यक्ष चुलीत. तिथे मिनिटाला हजारो वेळा भडका उडतो आणि जे जळते, जे जळत नाही, त्याचा डाग टोकावर राहतो. टोकावरची चिनी माती चहात बुडवलेल्या बिस्किटाच्या रंगाची असली की प्रकृती उत्तम. कोरडी काळी, तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. कधी ठिणगीच दुबळी. ओली काळी, तर रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीले झिजलेली. आणि पांढरीफटक दिसली तर आनंद मानू नये. पेट्रोल कमी पडते आहे, कुठून तरी हवा शिरते आहे किंवा ठिणगी वेळेआधी पडते आहे. उष्णता अशीच वाढत गेली तर पिस्टनला भोक पडायलाही कमी होत नाही. मोटारीच्या इंजिनाचे हेड उघडल्यावर एकच पिस्टन घासूनपुसून ठेवल्यासारखा लख्ख दिसला, तर रोगी तोच! हेडच्या गॅस्केटमधून पाणी झिरपते आणि त्याची वाफ काजळी धुऊन नेते. वर्गातली काही गुणी मुले मला उगीचच आठवली.

टोक साधारण 450 ते 500 अंश सेल्सिअसच्या वर तापले की आपली काजळी आपणच जाळून टाकते. त्यामुळे नुसती भाजीबाजारापर्यंत फिरणारी गाडी काळीच राहायची. खरा रंग पाहायचा तर जोरात पळवून, त्याच वेगात इंजिन बंद करून, क्लच दाबून थांबावे. मात्र लगेच प्लगला हात घालू नये. मी घातला आणि बोलणी खाल्ली. गरम ॲल्युमिनियमच्या हेडातले आटे एकदा गेले की इंजिनकाम आपणच ओढवून घेतले म्हणायचे. जुन्या पुस्तकांतले रंगही हुबेहूब शोधू नयेत. शिसेवाले पेट्रोल आपल्याकडे 2000 साली बंद झाले, तेव्हापासून डाग फिकेच पडतात.

दुखणे निघाले ते असे : चोकची तार गंजून अर्ध्यावर अडकलेली आणि हवेचा फिल्टर मातीने भरलेला. तार बदलली, फिल्टर नवा घातला, प्लग घासून 0.7 मिलिमीटरची गॅप ठेवली. सारे मिळून साडेचारशे रुपये. टेकडीपर्यंत दौड करून आलो. इंजिन निवेपर्यंत दोघांनी चहा घेतला आणि मग प्लग काढला. बिस्किटाचा रंग!

आईचा डोळा दसऱ्यापूर्वी झाला. पट्टी निघाल्यावर अंगणातल्या गाडीकडे पाहून ती पहिल्यांदा काय म्हणाली असेल? "अरे, किती मळवली आहेस ही!"