यंत्र आपले, किल्ली कंपनीची

शेतकरी भावांनो, सौरपंप बंद पडला की आपले पाणी बंद पडते. कंपनीच्या लेखी तो फक्त एक तक्रार क्रमांक असतो. बैठकांतून आम्ही जे ऐकतो ते बहुतेक एकाच साच्याचे. कंट्रोलरवर कसला तरी आकडा उमटतो आणि मोटार फिरत नाही. तालुक्याच्या मेस्त्रीने आयुष्यभर मोटारी भरल्या, पण तो डबा उघडायला धजत नाही. सील तुटले तर वॉरंटी गेली. कंपनीचा माणूस फोनवर म्हणतो, "दोन दिवसांत येतो." त्याचे दोन दिवस पंचांगात सापडत नाहीत.

रब्बी ज्वारीला पाणी कधी लागते हे आपल्याला कोणी शिकवायला नको. २८ ते ३० दिवसांनी गर्भावस्थेत, ५० ते ५५ दिवसांनी पोटरीत, ७० ते ७५ दिवसांनी फुलोऱ्यात आणि ९० ते ९५ दिवसांनी दाणा भरताना. पोटरीच्या वेळी पंधरा दिवस पंप बंद राहिला तर मग विहीर उपसून टाकली तरी गेलेले कणीस परत येत नाही. हमी पाच वर्षांची आहे. त्या हमीत कंट्रोलर बदलून मिळतो, ज्वारी बदलून मिळत नाही.

यावर एक शहाजोग उत्तर ऐकू येते: पंप अनुदानाचा, मग कुरकूर कशाची? २०२४ साली आलेल्या 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजनेत शेतकरी १० टक्के भरतो, अनुसूचित जाती-जमातीचा शेतकरी ५ टक्के. बाकीचे सरकार भरते. म्हणजे कंपनीला दाम पुरा मिळतो. अनुदान आपल्या नावावर आणि सूट तिच्या जबाबदारीला, हा कुठला हिशेब?

हे फक्त आपल्याच नशिबी आहे असेही नाही. अमेरिकेच्या शेतकऱ्याकडे शेकडो एकर आणि कोटीचा ट्रॅक्टर, पण त्याचीही हीच गत. जॉन डीअर कंपनीने २०१५ साली तिथल्या कॉपीराइट कार्यालयापुढे मांडले की ट्रॅक्टरच्या आतल्या सॉफ्टवेअरचा मालक गिऱ्हाईक नव्हे. त्याला ते वापरण्याचा परवाना तेवढा असतो. लोखंड तुमचे, मेंदू आमचा! त्याच वर्षी त्या कार्यालयाने दुरुस्तीसाठी सवलत दिली, तरी पूर्ण दुरुस्तीचे सॉफ्टवेअर अधिकृत डीलरकडेच राहिले. ऐन सुगीत यंत्र थांबले की डीलरची वाट बघणे आले. शेतकरी कोर्टात गेले, विधिमंडळात गेले. २०२३ मध्ये कोलोराडो राज्याने शेतीयंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगाने दोन राज्यांना सोबत घेऊन कंपनीवर दावा लावला. ही कंपनी पुण्याजवळही ट्रॅक्टर बनवते, म्हणून ही गोष्ट लांबची समजू नये.

कंपन्या सुरक्षिततेचे कारण पुढे करतात. ते अगदीच खोटे नाही. पॅनेलचा डीसी करंट माणसाचा जीव घेऊ शकतो. शिकलेल्या माणसानेच डबा उघडावा, कबूल. पण शिकलेला माणूस कंपनीच्याच पगारावर असला पाहिजे, हे कुठल्या विज्ञानात लिहिले आहे? आम्ही तंत्रज्ञानाच्या विरोधातले नाही. मोट आणि बैलांकडे परत चला म्हणणाऱ्यांनी आधी स्वतः मोट हाकून दाखवावी.

दिल्लीने काय केले? जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या यादीत शेतीची अवजारे होती. डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टल निघाले. पोर्टल झाले, सक्तीचा कायदा राहिला.

तोवर हाताशी आहे ते वापरावे. शेतकरी 'व्यापारी' आहे, ग्राहक नाही, असा युक्तिवाद बियाणे कंपन्यांनी वर्षानुवर्षे केला. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात तो फेटाळला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, कंपनीचे ऑफिस कुठेही असो. माल ५ लाखांपर्यंतचा असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची. एक खोच मात्र ध्यानात ठेवा: या कायद्यातल्या उत्पादन-दायित्वाच्या प्रकरणात 'हानी'च्या व्याख्येतून आर्थिक नुकसान वगळले आहे. त्यामुळे बुडालेल्या पिकाची मागणी त्या कलमाखाली नव्हे, 'सेवेतील त्रुटी' म्हणून मांडावी लागते.

आणि त्यासाठी कागद लागतो. फोन केला एवढ्याने भागत नाही. तक्रार क्रमांक, तारीख, पडद्यावरच्या आकड्याचा फोटो, त्या दिवशी पीक कुठल्या अवस्थेत होते याची नोंद आणि कृषी सहायकाकडून पंचनामा मिळाला तर तोही. येत्या जिल्हा बैठकीला ज्यांचे पंप आठवड्याहून जास्त बंद राहिले त्यांनी हे सगळे आणि हमीचा कागद घेऊन यावे. एकाच कंपनीच्या तक्रारी एकत्र बांधून आयोगापुढे नेऊ.