बत्ती बंद, एसी चालू

मार्चअखेरच्या एखाद्या शनिवारी रात्री साडेआठला ठिकठिकाणच्या प्रसिद्ध वास्तूंची रोषणाई तासभर मालवली जाते. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरही हे बऱ्याचदा घडले आहे. आधीचा झगमगाट आणि नंतरचा काळोख अशी छायाचित्रांची जोडी छापून येते आणि ‘अर्थ अवर’ पार पडतो. २००७ साली सिडनीत सुरू झालेला हा उपक्रम २००९ मध्ये भारतात आला. मुंबईकर तेवढेही थांबले नव्हते. त्यांनी डिसेंबर २००७ मध्येच ‘बत्ती बंद’ करून पाहिली होती. हौसेला तेव्हाही तोटा नव्हता, आजही नाही.

अडचण हौशीची नाहीच. २६ मार्च २०२२ चा शनिवार घ्या. साडेआठ ते साडेनऊ पृथ्वीसाठी राखून ठेवलेले, तर वानखेडेवर साडेसातपासून आयपीएलच्या त्या हंगामाचा पहिला सामना. प्रकाशझोत अर्थातच लख्ख होते. धोनीने त्या रात्री नाबाद पन्नास धावा काढल्या, त्या अंधारात काढणे त्यालाही जमले नसते. सामना दुपारी खेळवा, असे कोणी सुचवले नाही. दिवाणखान्यातली ट्यूब मालवून जबाबदार नागरिक होण्याचे आवाहन मात्र घरोघरच्या माणसाला होते. त्याने ती मालवलीही असेल. अंधारात सामना उलट जास्त चांगला दिसतो.

आता थोडा हिशेब. नऊ वॅटचे दहा एलईडी दिवे तासभर बंद ठेवले, तर वाचते ०.०९ युनिट. दीड टनी एसी तेवढी वीज चारेक मिनिटांत फस्त करतो. पण दिवा बंद झालेला रस्त्यावरून दिसतो, एसी बंद झालेला दिसत नाही. म्हणून दिवे जातात, मेणबत्त्या येतात आणि एसी राहतो. त्या मेणबत्त्यांचे पॅराफिनही खनिज तेलातूनच आलेले असते, हे अशा मंगल प्रसंगी कोणी काढू नये.

हा उपक्रम वीजबचतीचा नसून जनजागृतीचा आहे, असे आयोजक सांगतात. मान्य. पण इतकी वर्षे नुसते जागेच होत राहिलो, तर अंथरुणातून उठायचे कधी? आणि ज्या महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांनी बारा-बारा तासांचे भारनियमन काढले, रात्रीच्या पाळीत वीज येते म्हणून जिथला शेतकरी आजही बॅटरी घेऊन पंपाकडे जातो, तिथे अंधाराची जाणीव नेमकी कोणाला करून द्यायची आहे?

लोक सांगितले तर ऐकतात, याचा पुरावा हवामानाशी संबंध नसलेल्या एका रात्री मिळाला. ५ एप्रिल २०२० रोजी करोनाच्या टाळेबंदीत पंतप्रधानांनी रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे दिवे मालवण्यास सांगितले. पंखे, फ्रिज, एसी चालू राहू द्या, फक्त दिवे घालवा, असे ऊर्जा मंत्रालयाने बजावले होते. मागणी १२ ते १४ हजार मेगावॉटने उतरेल, असा ग्रिड सांभाळणाऱ्यांचा अंदाज होता. ती उतरली ३१ हजारांहून अधिक. जलविद्युत संच झटपट खाली आणि पुन्हा वर घेऊन अभियंत्यांनी ग्रिड सावरले. अपेक्षेच्या दुपटीहून जास्त देणाऱ्या जनतेकडे आपण पर्यावरणासाठी मागतो काय, तर वर्षातून एक तास आणि एक सेल्फी.

गंमत म्हणजे ‘अर्थ अवर’ची वेळ अचूक निवडली आहे. सूर्य मावळला की सौरवीज थांबते आणि नेमके तेव्हाच घरोघरी दिवे, टीव्ही, एसी सुरू होतात. ही भूक मुख्यतः कोळसा भागवतो. तेव्हा साडेआठला हात आखडता घेणे शहाणपणाचेच आहे, फक्त ते रोज हवे. एसी चोवीस-पंचवीस अंशांवर ठेवणे, कपड्यांचे मशीन दुपारच्या उन्हात चालवणे, रिकाम्या कार्यालयांतले मजलेच्या मजले अंधारात ठेवणे आणि डोळे दिपवणारे जाहिरात फलक वेळेत बंद करणे, ही कामे छायाचित्रात येत नाहीत. त्यातली शेवटची दोन तर नागरिकाच्या हातातही नाहीत. ती ज्यांच्या हातात आहेत, त्यांच्यापैकी काहींची नावे अशा कार्यक्रमांच्या फलकांवर प्रायोजक म्हणून झळकतात.

त्यामुळे यापुढे या तासात सहभागी होणाऱ्या प्रत्येक मॉलकडून, हॉटेलकडून आणि कार्यालयाकडून आयोजकांनी दोन कागद मागावेत: गेल्या वर्षीच्या आणि यंदाच्या मार्चचे वीजबिल. ती शेजारी शेजारी छापावीत. युनिट घटले असतील तर प्रमाणपत्र द्यावे, फेटा बांधावा, हवे तर ढोलही वाजवावा. घटले नसतील तर काहीच करू नये. बिले छापलेली पुरेत.