डुमना विमानतळ आणि ‘निवडस्वातंत्र्या’चे थोतांड

परदेशातून येथे येणाऱ्या प्रवाशाला एक सल्ला हमखास दिला जातो : भारत हा खंडप्राय देश आहे, अंतर्गत प्रवासासाठी अनेक विमान कंपन्या आहेत, भाड्यांची तुलना करावी आणि सोयीची ती निवडावी. खुल्या बाजाराचे भाट देशी प्रवाशालाही हेच ऐकवत असतात. 1994 साली हवाई वाहतुकीतील सरकारी मक्तेदारी कायद्याने संपुष्टात आली आणि तेव्हापासून ग्राहक राजा झाला, असा त्यांचा दावा आहे. या दाव्याची शहानिशा मुंबई-दिल्ली मार्गावर करून भागणार नाही. ती जबलपूरसारख्या शहरात केली पाहिजे.

जबलपूर हे काही आडगाव नव्हे. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ येथे आहे, पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय येथे आहे. गन कॅरेज फॅक्टरी, खमरियाचा दारूगोळा कारखाना आणि लष्करी वाहनांचा कारखाना यांवर हजारो कुटुंबे जगतात. भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि कान्हाचे अरण्य पाहण्यास निघालेला परदेशी प्रवासी याच शहरात उतरू पाहतो. 1817 पर्यंत येथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता आणि मराठी कुटुंबांचा येथील वावर तेव्हापासूनचा आहे. अशा शहराला विमानसेवा हवी की नको, हे कोण ठरवते?

10 मार्च 2024 रोजी पंतप्रधानांनी आझमगढहून एकाच समारंभात देशातील अनेक विमानतळांच्या नव्या इमारतींचे उद्घाटन केले. त्यांत पुणे व कोल्हापूर होते, तसेच जबलपूरचे डुमनाही होते. डुमनाच्या विस्तारावर जनतेचे चारशे कोटींहून अधिक रुपये खर्ची पडले. निवडणुका तोंडावर होत्या, ढोल-ताशे वाजले. इमारत मिळाली, पण विमाने मिळाली नाहीत. उलट असलेल्या फेऱ्याही घटल्या होत्या. शेवटी नागरिक संघटनांनी 6 जून 2024 रोजी ‘नो फ्लाइंग डे’ पाळण्याची, म्हणजे त्या दिवशी जबलपूरहून कोणीही विमानाने न जाण्याची हाक दिली. प्रश्न जनहित याचिकेच्या रूपाने उच्च न्यायालयातही गेला. (त्याच जूनच्या 27 तारखेला पावसात नव्या इमारतीचे छत फाटून खाली उभ्या मोटारीवर कोसळले, उद्घाटनाच्या घाईचा पुरावा निसर्गानेच सादर केला.)

या बहिष्कारातील विरोधाभास ध्यानात घेण्याजोगा आहे. बाजारातील ग्राहकाच्या हाती शस्त्र म्हणून एकच गोष्ट असते : माल न घेणे. पण ज्याच्यापुढून माल आधीच उचलून नेला आहे, त्याने काय नाकारायचे? प्रवासी कंपनी निवडत नाही, कंपनी शहर निवडते. अधिक नफ्याचा मार्ग दिसला की विमान तिकडे वळते.

सरकार ‘उडान’ योजनेकडे बोट दाखवील. 2017 साली पहिले विमान उडालेल्या या योजनेत कंपन्यांना तीन वर्षे सरकारी अनुदान आणि मार्गाचा एकाधिकार मिळतो. म्हणजे तोटा समाजाचा आणि नफा कंपनीचा. फलित काय? महालेखापालांच्या 2023 च्या अहवालानुसार, योजनेच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत मंजूर झालेल्या 774 मार्गांपैकी 403 मार्गांवर सेवा सुरूच होऊ शकली नाही. सुरू झालेल्या 371 पैकी केवळ 112 मार्गांनी तीन वर्षांची मुदत पुरी केली आणि मुदतीनंतर मार्च 2023 पर्यंत टिकले अवघे 54. अनुदान संपले की सेवा संपली.

1953 साली आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स निर्माण झाली, ती कोणाच्या समाजवादी स्वप्नरंजनापायी नव्हे. महायुद्धानंतर स्वस्तात मिळालेल्या डाकोटा विमानांवर उभ्या राहिलेल्या खासगी कंपन्या परस्परांच्या स्पर्धेत डबघाईला आल्या होत्या. राष्ट्रीयीकरणानंतर मोठ्या मार्गांवरील उत्पन्नातून छोट्या मार्गांचा तोटा भरून काढता येऊ लागला. परदेशी प्रवाशालाही ही संस्था ‘डिस्कव्हर इंडिया’ नावाचे तिकीट देत असे. डॉलरमध्ये एकदा रक्कम भरून त्याने 21 दिवस देशभर हिंडावे. त्या संस्थेत नोकरशाही होती, विलंब होता आणि तिचे भाडे कामगाराच्या आवाक्याबाहेर होते, हे सारे खरे. परंतु त्यावर उपाय तिच्या सुधारणेत होता. तो न करता तिला कर्जाच्या खाईत लोटले, 2007 मध्ये एअर इंडियात विलीन केले आणि जानेवारी 2022 मध्ये सगळेच टाटांच्या हवाली केले.

आणि स्पर्धेचे काय झाले? किंगफिशर 2012 मध्ये बंद पडली, जेट 2019 मध्ये, गो फर्स्ट 2023 मध्ये. हजारो कर्मचारी रस्त्यावर आले. आज दर दहा देशी प्रवाशांपैकी सुमारे नऊ जण इंडिगो आणि टाटांचा समूह या दोघांच्याच विमानांतून जातात. मक्तेदारी मोडण्यासाठी आणलेल्या स्पर्धेने नवी मक्तेदारी जन्माला घातली, एवढेच.

तिचे खरे रूप डिसेंबर 2025 मध्ये दिसले. वैमानिकांना आठवड्यात 48 तास विश्रांती मिळावी, त्यांना रात्री उतरवावयाच्या विमानांची संख्या कमी व्हावी, हे नियम दीर्घ काळ आधी जाहीर झालेले होते. सर्वांत मोठ्या कंपनीने पुरेसे वैमानिक तयार ठेवले नाहीत. हजारो फेऱ्या रद्द झाल्या. सरकारने काय केले? कंपनीला नियमांतून तात्पुरती सूट दिली. थकलेल्या वैमानिकाच्या विश्रांतीवर आणि प्रवाशाच्या सुरक्षिततेवर पडलेला हा दरोडा होता.

मात्र त्याच वेळी, 6 डिसेंबरला, सरकारने भाड्यावर कमाल मर्यादा घातली : 500 किलोमीटरपर्यंत साडेसात हजार रुपये. मे 2020 ते ऑगस्ट 2022 या काळातही भाडे बांधलेले होतेच. तेव्हा ‘खुल्या बाजारात भाडे ठरवणे सरकारला शक्य नाही’ हे तुणतुणे आता बंद व्हावे. शक्य आहे, इच्छा नाही.

काही कॉम्रेड विचारतात, विमानाचा प्रश्न कामगाराचा कसा? धावपट्टी त्याच्या कराच्या पैशांतून बांधली जाते. शिवाय ज्या धोरणाने एअर इंडिया विकली, त्याच धोरणाने ऑक्टोबर 2021 मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या केल्या; खमरियाचा कारखाना पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियाकडे गेला. जबलपूरच्या कामगाराला हे दोन वेगळे प्रश्न म्हणून शिकवण्याची गरज नाही.

अलायन्स एअर ही एक छोटी कंपनी अद्याप सरकारच्या मालकीची आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये तिने काही मार्गांवर, तिकीट केव्हाही काढले तरी भाडे तेच, अशी योजना आणली; नफेखोर कंपन्यांना हे सुचले नव्हते. तिला नवी विमाने द्यावीत, तिच्या विक्रीचे मनसुबे सोडून द्यावेत, भाड्याची मर्यादा कायम करावी आणि दोन्ही बड्या कंपन्यांवर जबलपूरसारख्या शहरांच्या फेऱ्या कायद्याने बंधनकारक कराव्यात. या मागण्या नागरिक संघटनांच्या खांद्यावर सोडून न देता गन कॅरेज, खमरिया आणि रेल्वेतील कामगार संघटनांनी आपल्या मागणीपत्रात घेतल्या पाहिजेत.