जत्रेतला रोबो

आमच्या नातेवाइकांत सध्या एक वाद रंगला आहे. मला त्यात कुणी विचारलेलं नाही, पण पस्तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईला न विचारता मत द्यायची सवय असतेच. तेव्हा ऐका.

भावाचं अंबाजोगाईचं जुनं घर पाडून नवं बांधायचं ठरलंय. माळा रिकामा करताना भाच्याची लहानपणची एक पत्र्याची पेटी निघाली. आत सगळे रोबो. भाचा आता बेचाळीस वर्षांचा आहे, चिंचवडला कंपनीत आहे, आणि हा नाद त्याचा अजून सुटलेला नाही. त्याच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात दीडशेच्या वर रोबो उभे आहेत, काही तर खोक्यातून बाहेरही काढलेले नाहीत. वहिनीचं म्हणणं, दोन लेकरांचा बाप झाला तरी खेळणी मांडून बसतो, लोक काय म्हणतील, ही पेटी आधी भंगारवाल्याला द्या. भाचा धावत आला. त्याने पेटीतून चार रोबो निवडून रुमालात गुंडाळले आणि उरलेले अकरा माझ्याकडे सरकवत म्हणाला, "आत्या, हे जत्रेतले. यांना काही व्हॅल्यू नाही. हे द्यायला हरकत नाही."

माझं भांडण दोघांशीही आहे. त्यातही भाच्याशी जास्त, कारण त्याला कळायला हवं होतं.

आधी वहिनीचा मुद्दा. अडकित्ते, दिवे, दौती जमवणारे दिनकर केळकर पुण्यात होऊन गेले. त्यांनी घरगुती वापराच्या वस्तूंचा एवढा मोठा संग्रह केला आणि आपल्या लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने तो उभा केला. पुढे 1975 साली तो शासनाला दिला. आज आपण पोरांना घेऊन तिकीट काढून तो बघायला जातो. अडकित्ता जमवला तर संस्कृती आणि रोबो जमवला तर पोरकटपणा, हा न्याय मला पटत नाही.

आणि रोबोमागे काय काय इतिहास आहे, ते भाच्याने मला शिकवलंय. ज्यांना सगळे ट्रान्सफॉर्मर्स म्हणून ओळखतात, ती खेळणी मुळात जपानच्या ताकारा कंपनीची. डायाक्लोन आणि मायक्रो चेंज अशा तिच्या दोन मालिका होत्या. अमेरिकेच्या हॅस्ब्रोने त्यातले नमुने घेतले आणि 1984 साली नव्या नावाने, नव्या कथेसह बाजारात आणले. डायाक्लोनच्या गाड्यांत बसायला एक इवलासा चालक असायचा. नव्या कथेत गाडीच जिवंत झाली, चालक गेला, पण काही गाड्यांत त्याची रिकामी बैठक तशीच राहिली. भाच्याकडच्या एका गाडीत मी ती भिंग लावून पाहिली आहे. व्याकरण शिकवणाऱ्या बाईला अशा गोष्टी फार आवडतात. शब्दांतही असंच असतं, जुना अर्थ निघून जातो आणि त्याची खुर्ची मागे राहते.

शब्दावरून आठवलं. रोबोट हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या 1920 सालच्या नाटकातून आला, आणि तो सुचवला त्याच्या भावाने, योसेफने. चेक भाषेत रोबोटा म्हणजे वेठबिगार. आता हे पुण्यामुंबईच्या माणसाला समजावून सांगावं लागेल, आमच्या बीडला नाही. आमच्या आजोबांची पिढी निजामाच्या अमलात वेठ बघत वाढली. यंत्रमानव हा मराठी शब्द चांगला आहे, मी वर्गात तोच वापरायचे, पण त्यात ती वेठ ऐकू येत नाही. असो.

तर वहिनी, तुमचा मुलगा पोरकट नाही. मात्र तो चुकतोय, आणि कुठे ते सांगते.

भाच्याचा नियम असा की पायाखाली कंपनीचं नाव, देश आणि साल छापलेलं असेल तरच रोबो जपायचा. जत्रेतल्या रोबोवर काहीच नसतं. कुणाची तरी नक्कल, हलकं प्लॅस्टिक, दोन सेलवर चालणारा. छातीचं दार उघडून बंदुका बाहेर यायच्या, लाल दिवा लुकलुकायचा, भिंतीला धडकला की आपोआप वळायचा, आणि आवाज असा की शेजारच्या आळीत कळावं. मार्गशीर्षात योगेश्वरीची जत्रा भरली किंवा महाशिवरात्रीला परळीला गेलं की पोरं त्या दुकानापुढून हलायची नाहीत. कपिलधारला कार्तिकी पौर्णिमेलाही ते दिसायचे. पेटीतल्या अकरापैकी निळा रोबो मीच परळीला घेऊन दिला होता, पस्तीस रुपयांना, दुकानदाराने पंचेचाळीस सांगितले होते. त्याचा डावा हात घरी पोचेपर्यंत एस.टी.तच मोडला. भाच्याने रडून गोंधळ घातला आणि मग तोच हात शत्रूने तोडला असं ठरवून तो पुढे चार वर्षं त्याच्याशी खेळला.

या रोबोला किंमत नाही, आणि खोक्यातून न काढलेल्या, कुणाचा हात न लागलेल्याला आहे. मला हा हिशोब समजतो, पटत नाही.

इथे मी तेरचं उदाहरण देते. तेर आमच्यापासून फार लांब नाही, धाराशिव जिल्ह्यात, गोरोबाकाकांचं गाव. प्राचीन तगर नगर ते हेच. तिथले रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या पांढरीत आणि शेतांत सापडणाऱ्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या. मणी, नाणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, मातीच्या बाहुल्या. आज तिथलं शासकीय संग्रहालय त्यांच्याच नावाने आहे. आठवीच्या मुलांची सहल मी तिथे नेत असे. सातवाहन काळातल्या तिथल्या काही मूर्ती पांढऱ्या केओलिन मातीच्या आहेत आणि त्या दुहेरी साच्यात केलेल्या आहेत. पुढची बाजू एका साच्यात, मागची दुसऱ्यात, मग दोन्ही जोडायच्या. ही पद्धत रोमशी चाललेल्या व्यापारातून आली असं अभ्यासक मानतात. आता निळा रोबो हातात घ्या. काखेतून थेट पायापर्यंत एक बारीक रेघ जाते. दोन साचे जिथे मिटले, तिची ती खूण. तीच रेघ भाच्याच्या महागड्या ऑप्टिमस प्राइमवरही आहे, फक्त तिथे ती नीट घासलेली असते.

तेरच्या त्या मूर्तींखाली कुणाचं नाव छापलेलं नाही. पद्धतही परक्यांकडून उचललेली. त्यातल्या कितीतरी मोडक्या आहेत. भाच्याचा नियम लामतुऱ्यांनी लावला असता तर संग्रहालयात नाण्यांपलीकडे फारसं काही उरलं नसतं.

नावाचंच निघालं म्हणून सांगते. जयंत नारळीकरांनी 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला आपली पहिली विज्ञानकथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी फिरवून केलेलं नाव. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला वाटलं की नाव बघून नव्हे, कथा बघून निकाल लागावा. बक्षीस मिळालंच. भाच्याने त्यांच्या कथा शाळेत असताना माझ्याच कपाटातून नेऊन वाचल्या आणि त्यातली दोन पुस्तकं अजून परत आलेली नाहीत. (हे वाचत असशील तर लक्षात ठेव.)

बाजाराच्या भाषेतच बोलायचं तर तेही बोलू. फनस्कूल ही एम.आर.एफ. टायरवाल्यांची कंपनी, 1987 सालची, गोव्यात कारखाना असलेली. तिने भारतात काढलेले जी. आय. जो सैनिक मूळ अमेरिकन सैनिकांपेक्षा वेगळ्याच रंगांत असायचे. त्या वेळी त्यांना पोरांनी मातीत पुरलं आणि आयांनी फेकलं. आता परदेशातले संग्राहक नेमके तेच वेगळ्या रंगांचे शोधत असतात. हे मला भाच्यानेच सांगितलं, आणि हेच सांगणारा माणूस परळीच्या जत्रेतला रोबो भंगारात द्या म्हणतो!

मला खरी चिंता वेगळीच आहे. भाच्याचे जपानी रोबो जगात हजार ठिकाणी जपलेले आहेत, त्यांची चित्रांसह मोठाली पुस्तकं आहेत. त्याने आज ते नदीत सोडले तरी इतिहासाचं काही बिघडणार नाही. जत्रेतले मात्र कुणीच ठेवत नाही. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर जायंट रोबोट ही जपानी मालिका लागायची, तेव्हा माझ्या शाळेतली मुलं तुराट्या, काडेपेट्या आणि सायकलच्या तारा जोडून रोबो करायची. ज्यांचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे, त्यांच्यातला एक मुलगा तर ज्वारीच्या धांड्याचा असा करायचा की हात कोपरात वाकायचा. पोळ्याचे बैल करणारी बोटं ती. त्यातला एकही आज कुठे नाही. तुराटीचा रोबो टिकणं कठीणच होतं. प्लॅस्टिकचे तर टिकवता येतील.

म्हणून ते अकरा रोबो मी बीडला माझ्याकडे आणले आहेत. सगळ्यांत आधी सेल काढले. तिघांत सेल तसेच राहून त्यांचं पाणी सुटलं होतं, स्प्रिंगा हिरव्या पडल्या होत्या. त्या जुन्या दात घासायच्या ब्रशने साफ केल्या. मग उन्हापासून लांब, कपाटाच्या खालच्या कप्प्यात. प्रत्येकाच्या पाठीशी एक चिठ्ठी आहे, पेन्सिलीने लिहिलेली, कारण पेनाची शाई उडते. कुठली जत्रा, साधारण कोणतं साल, किती रुपये, कुणी घेऊन दिला, आणि काय मोडलंय ते कसं मोडलं. सात चिठ्ठ्या झाल्या. चार रोबोंबद्दल मला काही माहीत नाही, ते भाच्यालाच आठवेल. परवा फोनवर मी त्याला हिरव्या रोबोबद्दल विचारलं तर आधी "कुठला हिरवा?" म्हणाला, आणि मग वीस मिनिटं बोलत होता.

मंडळी, तुमच्याही माळ्यावर असे असतील. केज, धारूर, माजलगावकडे आपली पुष्कळ घरं आहेत आणि सगळीकडे सध्या जुनं पाडून स्लॅब टाकणं चाललंय. चालणारा नसला तरी चालेल, एक पाय असला तरी चालेल. दिवाळीला येताना पिशवीत घालून आणा, आणि कुणाचा होता ते मात्र आधी घरातल्या मोठ्यांना विचारून या.